बाहुली मोठी झाली की प्रतिमा का बिघडते: घरी करून पाहण्याजोगा मार्गदर्शक

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दिव्यांना फाटे फुटतात, अक्षरं फिसकटतात, हा अनुभव बहुतेकांना असतो. त्यावरून एक सोपा निष्कर्ष निघतो: मोठी बाहुली म्हणजे वाईट प्रतिमा. हे अर्धंच खरं आहे. प्रकाशशास्त्राचा नियम तर नेमकं उलट सांगतो. छिद्र जितकं मोठं, तितका बारीक तपशील पकडता येतो. मोठ्या व्यासाच्या दुर्बिणी त्यासाठीच बांधतात. मग डोळ्यात उलटं का घडतं? कारण मोठी झालेली बाहुली स्वतः कुठलाही दोष निर्माण करत नाही. पारपटलात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणात) आणि नेत्रभिंगात जो दोष आधीपासून असतो, त्यातला किती दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्यापर्यंत, पोचू द्यायचा, एवढंच ती ठरवते.

हे एकदा डोक्यात बसलं की चष्म्याचा नंबर, रात्रीचं गाडी चालवणं, डोळ्यांत थेंब घातल्यावरची धूसरता, या सगळ्याचा उलगडा होतो. ते बसवायला मोबाइल, जाड कागद, सुई, मिलिमीटरची पट्टी आणि एखादा बारीक एलईडी दिवा पुरतो.

पहिली पायरी: बाहुली मोजा

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रकाश बदलून काय दिसतं ते पाहायचं आणि बाहुली किती होती याचा पत्ताच नाही, असं झालं तर निरीक्षणाचा उपयोग शून्य.

पट्टी डोळ्याशी धरण्याची गरज नाही. डोळ्याचा रंगीत भाग, म्हणजे बुबुळ, प्रौढ माणसात आडवं मोजलं तर साधारण १२ मिमी भरतं आणि यात माणसामाणसांत फार फरक नसतो. तेव्हा डोळ्याचा समोरून फोटो घ्या, पडद्यावर मोठा करा, बुबुळाची रुंदी आणि मधल्या काळ्या छिद्राची रुंदी मोजा. बुबुळ पडद्यावर ४८ मिमी आणि बाहुली १६ मिमी भरली, तर १६ भागिले ४८ गुणिले १२, म्हणजे बाहुली ४ मिमीची. अर्ध्या मिलिमीटरची चूक राहील. ती चालते.

खरी पंचाईत अंधारातल्या बाहुलीची. दिवा लावला की ती आकसते, न लावला की फोटोत काही दिसत नाही, आणि डोळे गडद तपकिरी असले तर बाहुलीची कडाच सापडत नाही. यावर एक युक्ती आहे. मंद खोलीत काही मिनिटं बसून व्हिडिओ सुरू करा आणि सोबतच्या माणसाला बाजूने टॉर्च लावायला सांगा. प्रकाश पडल्यापासून बाहुली आकसू लागेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर टॉर्च लागल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा फ्रेममध्ये अंधारातलीच बाहुली उजळून दिसते. त्यातली एक फ्रेम थांबवून मोजा. कधी कधी त्या फ्रेम पांढऱ्याफटक येतात. टॉर्च थोडा लांब धरून पुन्हा घ्या.

फोटोत दिसणारी बाहुली पारपटलातून दिसते, म्हणून खऱ्या छिद्रापेक्षा सुमारे १३ टक्के मोठी असते. ती वजाबाकी करत बसू नका. प्रतिमेच्या हिशेबात ही दिसणारी बाहुलीच लागते.

तरुण डोळ्यात भर उजेडात २ ते ३ मिमी आणि गडद अंधारात ७ ते ८ मिमी अशी मापं येतात. वय वाढतं तशी अंधारातली बाहुली लहान होत जाते. सत्तरी-ऐंशीत ती ४-५ मिमीच्या पुढे सहसा जात नाही. २ चे ८ मिमी झाले की क्षेत्रफळ १६ पट होतं, म्हणजे प्रकाशही १६ पट. ऐकायला मोठं वाटतं, पण कडक ऊन आणि चांदण्यांची रात्र यांतला फरक कोट्यवधी पटींचा आहे. उजेडाशी जुळवून घेण्याचं मुख्य काम दृष्टिपटल करतं, बाहुलीचा त्यातला वाटा अगदी थोडा. पाठ्यपुस्तकांत हे पुरेशा ठसठशीतपणे येत नाही, म्हणून बाहुली म्हणजे उजेडाचा नळ अशी समजूत घट्ट बसते. माझ्या मते प्रतिमेची प्रत सांभाळणं हे तिचं तितकंच महत्त्वाचं काम आहे.

दुसरी पायरी: कागदाला छिद्र पाडून पाहा

चष्मा वापरत असाल तर तो काढा. नसाल तर पुस्तकाचं पान इतकं जवळ आणा की अक्षरं धूसर होतील. जाड काळ्या कागदाला सुईने सुमारे १ मिमीचं गोल छिद्र पाडा, कडेचे तंतू साफ करा आणि कागद डोळ्याच्या अगदी जवळ धरून त्यातून पाहा. दुसरा डोळा झाका. अक्षरं काळपट होतील, पण स्पष्ट होतील.

डोळ्यांच्या दवाखान्यात नेमकी हीच चाचणी साधारण १.२ मिमीच्या छिद्राने करतात. पिनहोलमधून नजर सुधारली तर दोष बहुधा चष्म्याने जाणारा आहे. सुधारली नाही तर कारण दृष्टिपटलात, नसेत किंवा धूसर झालेल्या भिंगात शोधावं लागतं.

आता हिशेब. फोकस चुकला की एका बिंदूची दृष्टिपटलावर चकती होते. तिचा आकार काढायला एकच सूत्र पुरतं: बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले फोकसमधली चूक डायॉप्टरमध्ये (चष्म्याचा नंबर याच एककात असतो), गुणिले ३.४४. उत्तर कोनाच्या मिनिटांत येतं; एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. अर्ध्या डायॉप्टरची चूक धरा. २ मिमीच्या बाहुलीत चकती ३.४ मिनिटांची, ४ मिमीत ६.९, ६ मिमीत १०.३. तुलनेसाठी, तक्त्यावरच्या ६/६ ओळीतलं अख्खं अक्षर ५ मिनिटांचं असतं आणि त्याची एकेक रेघ १ मिनिटाची. म्हणजे दुपारच्या उन्हात कसंबसं निभावून जाणारा अर्धा नंबर रात्री अक्षराच्या दुप्पट आकाराचा धब्बा तयार करतो. नंबर तोच, बाहुली तिप्पट.

कॅमेऱ्याचं अॅपर्चर लहान केलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं, तोच हा प्रकार. पिलोकार्पिनचे थेंब याच तत्त्वावर चालतात: बाहुली आकसवून जवळचं दिसायला मदत. चाळिशीनंतरच्या जवळच्या नजरेसाठी त्यांच्या १.२५ टक्के तीव्रतेच्या थेंबांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये परवानगी दिली.

तिसरी पायरी: छिद्र आणखी लहान करा आणि नजर बिघडलेली पाहा

लहान छिद्र चांगलं, तर अतिलहान छिद्र आणखी चांगलं? सुईचं फक्त टोक टोचून अर्ध्या मिलिमीटरहून लहान छिद्र पाडा आणि भरपूर उजेडातला मजकूर वाचून पाहा. अक्षरं पुन्हा मऊ पडतात. या वेळी कारण वेगळं आहे, विवर्तन. प्रकाश ही लाट असल्याने अरुंद छिद्रातून जाताना ती पसरते, आणि निर्दोष भिंगही बिंदूचा बिंदू बनवू शकत नाही. हिरवट-पिवळ्या प्रकाशासाठी या पसरलेल्या ठिपक्याचा व्यास, पुन्हा मिनिटांत, ४.६६ भागिले बाहुलीचा व्यास. १ मिमीला ४.७ मिनिटं, २ मिमीला २.३, ३ मिमीला १.६, ६ मिमीला ०.८.

दोन्ही सूत्रं शेजारी ठेवा. पहिल्यात बाहुली गुणाकारात आहे, दुसऱ्यात भागाकारात. एक खेचतं लहान बाहुलीकडे, दुसरं मोठीकडे. मध्ये कुठेतरी दोघांची तडजोड होते. कॅम्पबेल आणि गुबिश यांनी १९६६ मध्ये डोळ्यात प्रकाश सोडून दृष्टिपटलावरून परत आलेली प्रतिमा मोजली, तेव्हा सर्वांत रेखीव प्रतिमा सुमारे २.४ मिमीच्या बाहुलीला मिळाली. आज साधारणपणे २ ते ३ मिमी हा पट्टा उत्तम धरतात.

यात एक सुंदर मेळ आहे. २ मिमीच्या बाहुलीतून विवर्तन एका अंशात जास्तीत जास्त ६३ च्या आसपास काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या जाऊ देतं. आणि दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागातल्या शंकुपेशी, म्हणजे उजेडात पाहणाऱ्या पेशी, एकमेकींपासून अर्ध्या मिनिटावर असल्याने त्यांना एका अंशात साधारण ६० जोड्या वेगळ्या ओळखता येतात. भिंग आणि पडदा दोघेही जवळजवळ एकाच ठिकाणी थांबतात.

चौथी पायरी: दिव्याचे फाटे

हा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो, कारण चष्मा बरोबर असतानाही बाहुली काय करते ते इथे उघडं दिसतं. आपला दूरचा बरोबर नंबर लावा. अंधाऱ्या खोलीत पाच-सहा मीटरवर एलईडीचा बारीक ठिपका ठेवा आणि पाचेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहा. ठिपका गोल दिसणार नाही. त्यातून वेड्यावाकड्या किरणांची चांदणी निघालेली दिसेल. एखादा किरण लांब, दोन आखूड, एका बाजूला थोडी शेपटी. आता झाकलेल्या डोळ्यावरचा हात काढून तिथे पूर्ण उजेडाचा पांढरा मोबाइल पडदा धरा, आणि पाहणाऱ्या डोळ्यावर त्याचा उजेड पडणार नाही अशी आड ठेवा. चांदणी आत ओढली जाते. पडदा बाजूला करा, सेकंद-दोन सेकंदांत किरण पुन्हा हळूहळू बाहेर पसरतात.

एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकत्र आकसतात, म्हणून हे घडतं. पाहणाऱ्या डोळ्यासमोरचा ठिपका बदलला नाही, चष्मा बदलला नाही. फक्त बाहुलीची कड आत आली. चांदणीचा आकार प्रत्येक डोळ्याचा स्वतःचा असतो. डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं काढून ठेवा, वेगळी येतील.

हे किरण येतात पारपटल आणि नेत्रभिंग यांच्या आकारातल्या अशा बारकाव्यांमुळे, जे चष्म्याच्या गोल किंवा सिलिंडर नंबरने जात नाहीत. त्यांना विपथनं म्हणतात. दोन मुख्य: गोलीय विपथन, ज्यात भिंगाच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा वेगळ्या जागी मिळतात, आणि कोमा, ज्यात बिंदूला धूमकेतूसारखी शेपूट फुटते. बाहुली दुप्पट झाली की फोकसच्या चुकीमुळे होणारी लाटेची विकृती (प्रकाशाची लाट आदर्श आकारापासून जितकी ढळते ती) ४ पट होते, कोमाची ८ पट, गोलीय विपथनाची १६ पट. म्हणूनच दिवसा यांचं अस्तित्वही जाणवत नाही.

आकड्यात पाहू. ६ मिमीच्या बाहुलीला पारपटलाचं गोलीय विपथन सरासरी ०.२७ मायक्रॉन असतं. तरुणपणी नेत्रभिंग उलट दिशेने काम करून त्यातलं बरंच खाऊन टाकतं आणि अख्ख्या डोळ्याचं सुमारे ०.१ उरतं. प्रतिमा जवळजवळ निर्दोष मानायची तर विकृती लहरलांबीच्या चौदाव्या भागाहून, म्हणजे सुमारे ०.०४ मायक्रॉनहून, कमी हवी. ०.१ म्हणजे नापास. हाच डोळा ३ मिमीवर आला की ०.१ चा सोळावा भाग, ०.००६, आणि प्रश्न मिटला. वय वाढतं तसं भिंगाचं हे सांभाळून घेणं कमी होत जातं, पण त्याच काळात अंधारातली बाहुलीही लहान होत असते, त्यामुळे नुकसान थोडं झाकलं जातं.

याशिवाय रंगांचं विपथन आहेच. जांभळ्यापासून लालपर्यंतच्या प्रकाशाचा फोकस डोळ्यात सुमारे २ डायॉप्टरमध्ये विखुरलेला असतो, आणि त्याची चकतीही बाहुलीबरोबर वाढते.

उजेडात डोळ्याला थोडी मदत शंकुपेशींकडून मिळते. बाहुलीच्या कडेने तिरका येणारा प्रकाश त्यांना मधून येणाऱ्या प्रकाशापेक्षा मंद वाटतो; मध्यापासून ३ मिमीवरून आलेला किरण निम्म्याहूनही कमी परिणाम करतो. स्टाइल्स आणि क्रॉफर्ड यांनी हे १९३३ मध्ये दाखवलं. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींमध्ये हा गुण जवळपास नाही, म्हणजे गरज असते तेव्हाच मदत गायब.

पाचवी पायरी: दोष प्रकाशाचा की प्रतिमेचा, हे वेगळं करा

नवशिके इथे हमखास घसरतात. खोलीतला उजेड कमी केला, वाचता येईना, म्हणून मोठ्या बाहुलीवर खापर फोडलं. पण उजेड कमी झाल्यावर दोन गोष्टी एकदम बदलतात: बाहुली वाढते आणि दृष्टिपटलाला प्रकाशच कमी मिळतो. दुसऱ्या कारणाने एकट्यानेही वाचन बिघडतं.

वेगळं करायचा मार्ग असा. मंद उजेडात तक्ता किंवा वर्तमानपत्राचा मथळा वाचा. मग त्याच उजेडात, त्याच अंतरावरून, ३ मिमीचं छिद्र पाडलेला कागद डोळ्याला लावून वाचा. प्रकाश आणखी घटला असतानाही अक्षरं सुधारली, तर तुमच्या अडचणीत फोकसचा किंवा विपथनाचा मोठा भाग आहे. उलट आणखी बिघडली, तर प्रकाशाची कमतरताच मुख्य आहे आणि चष्मा बदलून फारसं हाती लागणार नाही. छिद्र बाहुलीच्या मधोमध धरा. बाजूला सरकलं तर नवाच दोष पैदा होतो.

आणखी एक बारकावा. विपथनामुळे बिंदूचा गाभा बराचसा टोकदार राहतो आणि त्याभोवती फिकट प्रकाशाचा घेर पसरतो. त्यामुळे काळी ठळक अक्षरं वाचता येतात, पण राखाडीवर राखाडी हरवतं. "माझा तक्ता ६/६ आहे, तरी रात्री नीट दिसत नाही" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. तक्ता त्याच्या तक्रारीची तपासणीच करत नाही. फिकट अक्षरांची कॉन्ट्रास्ट चाचणी मागून घ्या.

अंधारात थोडा उणे नंबर वाढल्यासारखंही वाटतं. खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७८९ मध्येच नोंदवलं होतं की रात्री तारे पाहायला त्यांना जास्त उणे नंबर लागतो. यात गोलीय विपथनाचा वाटा आहे, तसाच पाहायला काही ठोस नसताना डोळा आपोआप थोडा जवळ फोकस करतो याचाही. तक्रार रात्रीची असेल तर चष्मा तपासताना ते स्पष्ट सांगा, म्हणजे मंद उजेडातही नंबर पडताळता येईल.

डोळे डायलेट केल्यावर

हा प्रयोग घरचा नाही. बाहुली मोठी करणारे थेंब स्वतःच्या मनाने कधीही घालू नका. ज्यांच्या डोळ्यातला पुढचा कोन (बुबुळ आणि पारपटल यांच्यामधला) अरुंद असतो त्यांच्या डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. पण तपासणीसाठी डॉक्टरांनी घातले तर निरीक्षणाची संधी सोडू नका.

थेंबांनंतर सगळं धूसर होतं ते मोठ्या बाहुलीमुळे, असं सर्रास सांगतात. ट्रॉपिकामाइड, सायक्लोपेंटोलेट, अॅट्रोपिन ही औषधं दोन कामं करतात: बाहुली उघडतात आणि भिंगाचा फोकस बदलणारा स्नायूही ढिला पाडतात. मोबाइल वाचता येत नाही तो मुख्यतः दुसऱ्या कामामुळे. पडताळा सोपा आहे: जवळचा चष्मा लावा किंवा पिनहोलमधून पाहा, मजकूर परत येतो. दूरचं मात्र, नंबर बरोबर असेल तर, बऱ्यापैकी दिसतं. त्रास होतो तो डोळे दिपण्याचा आणि दिव्यांभोवतीच्या प्रभेचा. ज्याला चष्म्याशिवाय चालणारा थोडा प्लस नंबर आहे, त्याचं दूरचंही बिघडतं, कारण आजवर तो स्नायूच्या जोरावर निभावत होता. ट्रॉपिकामाइडचा परिणाम साधारण काही तासांत ओसरतो, सायक्लोपेंटोलेटचा दिवसभर राहू शकतो, अॅट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडे. तोवर गाडी चालवू नका.

थेंब न घालताच एक बाहुली अचानक मोठी झाली, पापणी उतरली, तीव्र डोकेदुखी किंवा डोळेदुखी सुरू झाली, तर मोजमापं बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठा. दोन बाहुल्यांत जन्मापासून किंचित फरक असणं मात्र पुष्कळ लोकांत आढळतं.

अहवाल हातात आला तर

लेसरने नंबर काढण्याआधी किंवा रात्रीच्या तक्रारीसाठी अॅबेरोमीटरवर, म्हणजे विपथनं मोजणाऱ्या यंत्रावर, डोळा मोजतात. रंगीत नकाशे आणि मायक्रॉनचे आकडे पाहून घाबरण्याआधी एक ओळ शोधा: हे माप किती मिमी बाहुलीसाठी काढलं? ती ओळ नसेल तर आकड्याला अर्थ नाही. ४ मिमीचा अहवाल आणि ६ मिमीचा अहवाल यांची तुलना होत नाही. आधी पाहिलंच की नुसत्या मापाने आकडा अनेक पटींनी बदलतो. ६ मिमीला चष्म्याने न जाणाऱ्या सगळ्या विपथनांची बेरीज ०.३ मायक्रॉनच्या आसपास असणं नेहमीचं आहे. मग पहिल्या पायरीत मोजलेली तुमची अंधारातली बाहुली आठवा. ती ५ मिमीच्या वर जातच नसेल, तर ६ मिमीचा नकाशा तुमच्या डोळ्यातल्या न वापरल्या जाणाऱ्या कडेबद्दल बोलतोय. ती ७.५ मिमी असेल, तर लेसरने किती व्यासाचा भाग नीट घडवला जाणार आहे हे शस्त्रक्रियेआधी विचारून घ्या. बाहुली त्या भागाच्या बाहेर उघडली तर रात्री प्रभा दिसू शकते.

मोठी बाहुली मुळात शत्रू नाही याचा पुरावाही इथलाच. १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी डोळ्याची विपथनं मोजून, आकार बदलणाऱ्या आरशाने ती पुसून काढली आणि ६ मिमीच्या बाहुलीतून पाहिलं. जिवंत माणसाच्या दृष्टिपटलातल्या एकेक शंकुपेशी मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसल्या, आणि त्या डोळ्यांना बाहेरचंही एरवीपेक्षा बारीक दिसलं. २ मिमीच्या बाहुलीतून हे जमलं नसतं. विवर्तनाने पेशी एकमेकींत मिसळून टाकल्या असत्या.